दाढ, मशेरी आणि साडेसातशे बेडूक

आजीची दाढ ठणकायला लागली की ती डॉक्टरकडे नाही, चुलीकडे जायची. तव्यावर तंबाखू काळाठिक्कर होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका उठायचा, मग चुरून डबीत. चिमूटभर दाढेवर चोळली की थोड्या वेळानं म्हणायची, "बसली बघ गप." निपाणीजवळचं गाव, शिवारात तंबाखूच तंबाखू, त्यामुळे हे औषध घरोघरी. मी बी. फार्मला गेल्यावर तिला शहाणपण शिकवायला लागले, की हे सगळं मनाचे खेळ आहेत.

पुढे फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात कशी काम करतात ते, शिकवायला लागले. एकदा फळ्यावर तंबाखूतल्या निकोटीनची रचना काढली, शेजारी एपिबॅटिडीन नावाच्या बेडकाच्या विषाची. पिरिडीन नावाचं अणूंचं कडं दोघांतही तेच, फक्त दुसऱ्यात त्याला एक क्लोरीन चिकटलेला. खडू हातात तसाच राहिला आणि मला ती डबी आठवली.

एपिबॅटिडीन सापडलं इक्वेडोरमधल्या बोटाच्या पेराएवढ्या बेडकाच्या कातडीत. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या जॉन डेली यांनी 1974 साली तिथले बेडूक गोळा केले आणि कातडीचा अर्क उंदराला टोचला. उंदराची शेपटी ताठ होऊन पाठीवर वळली. ही मॉर्फिनची, म्हणजे अफूतल्या जालीम वेदनाशामकाची खूण. (वेदनाशामक तपासायला आमच्या वेळी खरे उंदीर असायचे. 55 अंशांचा तापलेला पत्रा, हातात स्टॉपवॉच, आणि उंदीर पंजा कधी चाटतो यावर डोळा. आताची पोरं हे सगळं संगणकावर करतात, आणि उंदरांच्या दृष्टीनं तेच बरं.) पण मॉर्फिनचा उतारा असलेलं नॅलॉक्सोन दिलं, तरी याचा असर उतरेना. म्हणजे रस्ता वेगळा होता.

1976 मध्ये डेली पुन्हा गेले. साडेसातशे बेडूक, आणि हाती शुद्ध माल एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. प्रयोगशाळेत बेडूक वाढवून पाहिले, तर त्यांच्या कातडीत काहीच नाही. विष त्यांच्या जंगलातल्या खाण्यातून येतं. ती चिमूट वर्षानुवर्षं जपून ठेवली, यंत्रं सुधारली, तेव्हा कुठे 1992 साली रचना छापून आली. मॉर्फिनच्या सुमारे दोनशे पट जोरकस, आणि काम निकोटिनिक रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या ज्या कुलपांत निकोटीन बसतं त्यांच्यावर! मात्र वेदना थांबवणारा डोस आणि जीव घेणारा डोस जवळजवळ शेजारी-शेजारी. तेव्हा औषध म्हणून ते बादच.

ॲबट कंपनीनं त्याच साच्यावर एबीटी-594 बनवलं. मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्या रुग्णांवर चाचणी झाली. वेदना खरंच कमी झाल्या. पण सगळ्यात मोठ्या डोसच्या गटातले 66 टक्के लोक त्रासामुळे मधेच बाहेर पडले. खोट्या गोळीच्या गटात हा आकडा 9 होता. मळमळ, चक्कर, उलटी. कारण हे रिसेप्टर मज्जारज्जूतच बसलेले असतात असं नाही, ते मेंदूत आहेत, आतड्याच्या मज्जातंतूंत आहेत. किल्ली एक आणि दारं ढीगभर.

सूज कमी करण्याची गोष्ट याहून सरस आहे असं माझं मत. केव्हिन ट्रेसी या अमेरिकी संशोधकाच्या गटानं 2003 मध्ये दाखवलं की मेंदूतून पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू उत्तेजित केला, की अल्फा-7 नावाच्या निकोटिनिक रिसेप्टरमार्फत पांढऱ्या पेशींकडून होणारा टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाचा मारा कमी होतो. ज्या उंदरांत अल्फा-7 नाही, त्यांच्यात फरक पडत नाही. इथं वर्गातलं एखादं पोरगं हमखास विचारतं, "मॅडम, मग सिगारेट चांगली?" त्याला मी तोंडाच्या कॅन्सरचे फोटो दाखवते. मशेरीचाही तोच हिशोब.

गेल्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा आजीला म्हटलं, तुझं अगदीच खोटं नव्हतं गं, निकोटीननं दुखणं थोडं बोथट होतं. तिला काही नवल वाटलं नाही. मी विचारलं, "पहिल्यांदा लावलीस तेव्हा त्रास नाही झाला?"

"झाला की. घर गरागरा फिराय लागलं. दोनदा ओकलो. सासू म्हटली, हुतंय तसं, रोज लाव."

"मग दाढ बरी झाली?"

"कुठली? दाढ कवाच पडली. मशेरी ऱ्हायली."