शाळेच्या खात्यावर सही बदलताना बँकेने काढलेला घाम : माझा अनुभव

जिल्हा परिषद शाळेच्या खात्यातून एकट्या मुख्याध्यापकांना पैसे काढता येत नाहीत. दुसरी सही लागते ती शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची, आणि अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो. आमच्या आधीच्या अध्यक्षांचा मुलगा चौथी पास होऊन हायस्कूलला गेला, त्यामुळे पालकसभेत नवी निवड झाली आणि ती माझ्या गळ्यात पडली. सभा, हात वर, टाळ्या, चहा. तिथवर सगळं झटपट.

मग बँक.

काउंटरवरच्या साहेबांना ठराव दिला. ते म्हणाले, "आमच्या नमुन्यात आणा." नमुन्यात नेला, तर त्यावर शाळेचा गोल शिक्का नव्हता. शिक्का मारून नेला, तर "आधीच्या अध्यक्षांना घेऊन या, त्यांची सही लागेल." ते तर दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले! मी म्हटलं, "साहेब, त्यांना काढायचा ठरावच दिलाय की समितीने." "ताई, सिस्टीम घेत नाही."

त्यात माझ्या आधारवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं. लग्न झालेल्या निम्म्या बायकांची हीच गत असेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात समितीचे ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात असं लिहिलंय. म्हणजे खात्यावर सही करायला बायका येणार हे कायद्याने ठरवलेलं, आणि बँकेला मात्र दर वेळी नवल! कधी लंच टाइम, कधी सर्व्हर डाऊन, कधी "ते बघणारे रजेवर आहेत". दिवसाची मजुरी बुडवून मी बाकड्यावर बसायचे.

तोवर शाळेत काय? आमचा पट शंभराच्या वर, म्हणून समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला ५० हजार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पैसे आता चेकने नाही, पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन यंत्रणेवरून थेट दुकानदाराच्या खात्यात जातात, पण तिथेही दोघांच्या मंजुरीशिवाय पान हलत नाही. नळ गळत होते, लाइटचं बिल थकलं होतं, मार्च तोंडावर आलेला. ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर निधी परत. गुरुजींनी लाइटबिल स्वतःच्या खिशातून भरलं. हे बरोबर नाही, पण बहुतेक शाळांत हेच चालतं.

शेवटी सुटलं कसं, तर गुरुजींनी आणि मी मिळून शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज दिला. सोबत निवडीच्या सभेचं इतिवृत्त, ठरावाची नक्कल आणि केंद्रप्रमुखांचं, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचं, पत्र. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली, आणि पोच म्हटल्यावर साहेबांचा सूरच बदलला. जुन्या अध्यक्षांच्या सहीची गरज अचानक संपली. पॅनसाठी लग्नाचा दाखला चालला. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का?

म्हणून सांगते, तोंडी काही मागू नका, पोच घ्या. अध्यक्ष बदलणार हे दिसत असेल तर जुन्या अध्यक्षांची सही गावात असतानाच घेऊन ठेवा. अर्जावर सही करताना पॅनवर जशी केलीय तशीच करा.

आणि सही मिळाली म्हणून कोऱ्या कागदावर करू नका. आमचे गुरुजी सज्जन आहेत, तरी मी आधी बिल बघते, वस्तू बघते, मग सही करते. अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात, तेही कीर्दीत, म्हणजे जमाखर्चाच्या वहीत, बघून घेते. पहिल्यांदा कीर्द मागितली तेव्हा गुरुजी जरा दचकले होते. आता महिन्याच्या सभेला स्वतःच उघडून ठेवतात.

नळ मार्चमध्येच बसले. गुरुजींचे लाइटबिलाचे पैसे मात्र अजून निघायचेत, कारण पावती त्यांच्या नावावर आहे.