हायडेलबर्ग: या खेपेला रस्ता मी दाखवणार

आमच्या संसारात रस्त्यांचं खातं नवऱ्याकडे आहे. गाडी तो चालवतो, पत्ता तो विचारतो, रिक्षावाल्याशी हुज्जत तोच घालतो. मी शेजारी बसून "डावीकडे होतं ना रे?" एवढंच म्हणते. लग्नानंतर मी मास्टर्ससाठी जर्मनीत हायडेलबर्गला आले, तो चाकणच्या कारखान्यात मशीन सांभाळत राहिला. एप्रिलअखेर तो मला भेटायला आला आणि खातेबदल झाला. फ्रांकफुर्टच्या विमानतळापासून दोन बॅगा ओढत तो माझ्या मागे. मानहाइमला गाडी बदलायची होती, तिथल्या फलकाकडे बघून म्हणाला, "तू म्हणशील तिकडे." हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. रेकॉर्ड करून ठेवायला हवं होतं.

व्हिसाबद्दल बऱ्याच जणी विचारतात म्हणून सांगून टाकते. विद्यार्थिनीच्या तुटपुंज्या कमाईवर नवऱ्याची हमी घेणं सहसा जमत नाही. त्यामुळे त्याने स्वतःचे पगाराचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, कंपनीचं रजेचं पत्र आणि किमान 30,000 युरोचा प्रवास विमा जोडून साधा शेंगेन व्हिसा काढला. माझ्याकडून निमंत्रणाचं पत्र आणि विद्यापीठाचा दाखला गेला. बाकी बॅगेत भाजणी, गोडा मसाला आणि कुकरची रिंग.

पहिला मान किल्ल्याचा. लाल वालुकाश्माचा हा वाडावजा किल्ला गावाच्या डोक्यावर अर्धवट पडलेल्या अवस्थेत उभा आहे. 1689 आणि 1693 साली फ्रेंच फौजांनी तो उद्ध्वस्त केला, पुढे दुरुस्ती चालू असताना 1764 मध्ये वीज पडली, आणि मग मात्र लोकांनी नाद सोडला. एका बुरुजाची भिंत सुरुंगाने उडालेली, तिचा अख्खा तुकडा खंदकात आडवा पडलाय. नवरा पुरंदर तालुक्यातला, पडके बुरूज बघत वाढलेला. त्याला हे नवीन नव्हतं. तटबंदीची जाडी पावलांनी मोजून झाली आणि गडी पुढे निघाला.

बागेकडे एलिझाबेथ दरवाजा आहे. इथला राज्यकर्ता पाचवा फ्रीडरिश याने आपल्या इंग्रज बायकोसाठी, एलिझाबेथ स्टुअर्टसाठी, 1615 मध्ये तो बांधला. एका रात्रीत उभा करून सकाळी तिला चकित केलं, अशी दंतकथा. मी ती रंगवून सांगितली. नवऱ्याने कमान खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि म्हणाला, "एका रात्रीत? चुना तरी वाळला असेल का?" प्रेमकथा तिथेच संपली.

पण तळघरातल्या पिंपाने त्याला जिंकलं. 1751 सालचं हे ओकच्या लाकडाचं पिंप, क्षमता सुमारे 2 लाख 20 हजार लिटर. द्राक्षबागायतदारांकडून राजाला कर म्हणून जी वाइन यायची, ती सगळी यात ओतायची. बरीवाईट सगळी एकत्र. चवीचं काय होत असेल ते पिणारे जाणोत. वर चढायला जिना आहे, माथ्यावर नाचायला फळी टाकलेली. नवरा खाली उभा राहून हिशेब करत होता. "आपल्या सोसायटीचे बावीस टँकर," तो जाहीर करता झाला. शेजारचे जपानी पर्यटक दचकून बघू लागले.

किल्ल्याच्या तिकिटात खालची बर्गबान, म्हणजे दोरावर चढणारी डोंगरगाडी, मिळते. मोल्केनकूरच्या ठाण्यावर ती बदलून वरची गाडी धरायची, तिचं तिकीट वेगळं. वरच्या गाडीचे लाकडी डबे 1907 चे आहेत आणि अजून चालतात. इथे आमची खाती पुन्हा मूळ पदावर आली. एकाच दोराला दोन डबे, एक उतरतो त्याच्या वजनाने दुसरा चढतो, मोटरला फक्त फरकाचं काम. मधोमध रूळ फाकतात तिथे दोघे एकमेकांना वाट देतात. हे सगळं त्याने मला हातवारे करून समजावलं. मी इथे राहते, आणि आजवर हे डबे मला नुसते फोटोजोगे वाटले होते! वर क्योनिगश्टूलचा डोंगरमाथा, 568 मीटर. ऱ्हाइनचं मैदान धुरकट दिसत होतं. त्याने तिकडे ओझरतं पाहिलं आणि यंत्राच्या खोलीच्या काचेला नाक लावलं.

जुन्या पुलावरच्या ब्राँझच्या माकडाची मात्र गंमत झाली. हे माकड 1979 मधलं, हातात आरसा. आरशाला हात लावला तर पैसा येतो, बोटांना लावला तर हायडेलबर्गला परत येणं होतं, आणि शेजारच्या उंदरांना लावला तर भरपूर मुलं. हे सांगून होईपर्यंत त्याने तिन्हींना हात लावून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकलाही. सासूबाईंनी फक्त उंदरांबद्दल विचारलं.

हाउप्टश्ट्रासंबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लांबलचक बाजाररस्ता, सगळ्या शहरांत असतात तीच दुकानं. त्याच्या आसपासच्या गल्लीतला विद्यार्थ्यांचा तुरुंग मात्र चुकवू नका. 1386 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला आपल्या पोरांना स्वतः शिक्षा करण्याचा अधिकार होता. दारू पिऊन रात्री गोंधळ घातला, द्वंद्व खेळलं, की कार्त्सरमध्ये रवानगी. तासांना मात्र सोडत. 1914 पर्यंत हे चाललं, आणि आत जाऊन येणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होऊन बसली. भिंती, छत, जिना, सगळीकडे नावं आणि काळ्या रंगातले चेहरे. "आमच्या होस्टेलचा रेक्टर हे बघून रडला असता," इति नवरा.

खरं सांगायचं तर त्याला माझं रोजचं गाव जास्त आवडलं. मार्श्टालच्या मेन्झात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीत, ताट वजनावर घेतात. त्याने पहिल्या दिवशी बटाटे घेतले, दुसऱ्या दिवशी वजनाला हलका पालाच जास्त, आणि पैसे वाचल्याचा आनंद दिवसभर पुरवला. सुपरमार्केटमधल्या बाटल्या गिळणाऱ्या मशीनवर तर तो लट्टूच झाला. प्लॅस्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट परत, चिठ्ठी काउंटरला दिली की हिशेबातून वजा. नेकारच्या हिरवळीवर फिरायला गेलो की याची नजर नदीवर नाही, गवतावर. मला जरा लाज वाटायची. मग मीही बाटल्या दाखवू लागले.

माझ्या मनात त्याला एक ठिकाण दाखवायचं होतं, ते शेवटाकडे राखून ठेवलं होतं. विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था. गुंथर सोन्थायमर इथे शिकवायचे. 1934 चा जन्म, 1992 मध्ये गेले. या जर्मन माणसाने महाराष्ट्रातल्या धनगरांमध्ये राहून त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, जेजुरीच्या खंडोबावर आयुष्य खर्च केलं. संस्था आता बेर्गहाइम भागात आहे, खाली मोठं ग्रंथालय. मी कपाटातून त्यांचं 1976 चं पुस्तक काढलं आणि काही न बोलता पुढे केलं. शीर्षकात तीन नावं: बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा.

नवऱ्याचं गाव वीरजवळ. म्हस्कोबा म्हणजे त्याच्या लहानपणीची यात्रा. जर्मन ओ की ठो कळत नसताना त्याने पान न् पान चाळलं, गावांच्या नावांवर बोट ठेवत. मग ग्रंथालयातल्या शांततेची पर्वा न करता कुजबुजत मला सांगू लागला: माघ पौर्णिमेला म्हस्कोबा-जोगेश्वरीचं लग्न लागतं, मग पुढे कितीतरी दिवस यात्रा, धनगरांचा गजी नाच होतो, गुलालाने माणूस ओळखू येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासरी मी सणावारी जाते, पण यातलं निम्मं मी त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा ऐकलं. समोरच्या मुलीने दोनदा मान वर करून पाहिलं. मी तिला हाताने "सॉरी" केलं आणि ऐकत राहिले.

किल्ल्याच्या, पुलाच्या फोटोंवर सासऱ्यांचा नुसता अंगठा आला होता. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो गेला आणि आम्ही बाहेर पडतोय तोच त्यांचा फोन. म्हस्कोबा तिकडे कसा पोचला, कोण हा साहेब, कुणाकडे उतरायचा, गावात अजून कुणाला आठवत असेल का. नवऱ्याने फुटपाथवर उभं राहून मला विचारत विचारत सगळी उत्तरं दिली. शेवटी त्यांनी फर्मान काढलं की येत्या माघात सूनबाईंनी वीरला यायचं. माघ पौर्णिमा आमच्या सेमिस्टरच्या परीक्षांच्या ऐन तोंडावर येते, हे त्यांना कोण सांगणार, यावर आमचं ट्राम येईपर्यंत भांडण चाललं.