आमच्या जयपूरच्या गणपतीतली गाण्याची संध्याकाळ

मंडळाची वही माझ्याकडे असते. दर वर्षी गणपतीतल्या शनिवारी गाण्याची संध्याकाळ होते, त्यात कोणी काय म्हटलं ते मी त्यात लिहून ठेवते. परवा कपाट आवरताना ती हातात आली आणि मग आवरणं राहिलंच.

मंडळ म्हणजे इथलं, जयपूरचं मराठी मंडळ. माझे सासरे, त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो, विट्याजवळच्या एका गावातून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवायच्या, कामाला तरुणपणी इकडे आले, जौहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत भट्टी लावली आणि इथलेच होऊन गेले. खानापूर, आटपाडी, विटा भागातली गलाईवाली माणसं देशात जिथे जिथे सोन्याचांदीचा बाजार आहे तिथे जाऊन पोचलीत, तशी जयपुरातही. नंतर बँकेतले, रेल्वेतले बदलीवर आलेले त्यात मिसळले आणि मंडळ वाढलं. जयपूरला स्वतःचा गणपती आहेच, मोती डूंगरीचा. आदल्या दिवशी सिंजारा म्हणजे मेंदीचा सण, सोजतची मेंदी, चतुर्थीला पहाटेपासून रांगा, आणि त्याच गर्दीतून वाट काढत आमची मूर्ती टेम्पोतून हॉलवर यायची, पोरं मागे बसून मोरया करत.

गाण्याच्या संध्याकाळचा एकच नियम होता, गाणं मराठीच हवं. वर्षभर हिंदीच बोलतो, दहा दिवस तरी मराठी कानावर पडू दे, असं अध्यक्षकाका म्हणायचे आणि मला ते पटायचं, अजूनही पटतं. पण इथे जन्मलेल्या पोरांचा ळ चा ल व्हायचा, चांदण्यातला च हिंदीतल्यासारखा यायचा, आणि कोणीतरी मोठं माणूस भर हॉलमध्ये ते सुधारायचं. मनात वाईट काही नसायचं त्यांच्या, पण पोरं हळूहळू स्टेजपासून लांब गेली. वहीत दिसतं ते, एकेका वर्षी मुलांची नावं कमी कमी होत गेलेली.

माझी लेक पण त्यातलीच. २०१६ ला ती तेरा वर्षांची, मामेभावाची जुनी गिटार मिळाली होती आणि दिवसभर खोलीत बसून तेच तेच वाजवायची. त्या वर्षी ५ सप्टेंबरला गणपती बसले आणि ९ तारखेला ‘बार बार देखो’ लागला, त्यातलं ‘खो गए हम कहाँ’ हे गाणं आधीच सगळीकडे वाजत होतं. जसलीन रॉयलचं संगीत, शब्द प्रतीक कुहाडचे आणि गायलंय दोघांनी. लेक म्हणाली मला हे म्हणायचंय. मी म्हटलं अगं मराठीच लागतं, तर म्हणाली, आई हा प्रतीक जयपूरचा आहे, माझ्यासारखाच इथे वाढलाय. कमिटीत चर्चा झाली, दोन दिवस नुसती चर्चाच. शेवटी अण्णा म्हणाले, "हितलाच पोरगा हाय न्हवं त्यो? मग गावचाच झाला की. म्हनू द्या तिला."

शनिवारी ती खुर्चीवर बसली. साउंडवाल्याने सवयीने इको लावला होता, तो तिने स्वतः जाऊन काढायला लावला. गाणं दोघांचं, ती एकटीच म्हणत होती, आवाज इतका हळू की मागच्या रांगेतल्या बायका कुजबुज थांबवून पुढे सरकल्या. टाळ्यांचा ठेका कोणी धरला नाही. हॉलमध्ये असं गाणं मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं, आपल्याकडे स्टेज म्हटलं की आवाज चढवायचा, पेटी तबला नाहीतर मग नाच. आणि ही आपली एक गिटार घेऊन समोरच्याशी बोलल्यासारखी गात होती. वहीत मी लिहिलंय ‘हिंदी गीत, गिटारसह’. वेगळं काय लिहायचं ते सुचलंच नाही.

मग घरात प्रतीक कुहाडच प्रतीक कुहाड. तिच्यामुळे मलाही सगळं पाठ झालं, १९९० चा जन्म, शाळा इथलीच, गिटार हातात आली ती सोळाव्या वर्षाच्या आसपास, नंतर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत गणित आणि अर्थशास्त्र. तिथे असताना एलियट स्मिथ या अमेरिकन गायकाची गाणी ऐकली आणि तो ठसा राहिला, गिटारच्या तारा बोटांनी एकेक छेडत जवळजवळ कानात म्हणायची जी पद्धत आहे ना, ती. शिक्षण संपवून परत आला, दिल्लीत राहून गायला लागला. २०१३ ला ‘रात राज़ी’ नावाचा हिंदी गाण्यांचा ईपी, म्हणजे चारपाच गाण्यांचा छोटा अल्बम, आणि २०१५ ला ‘इन टोकन्स अँड चार्म्स’, तो इंग्रजी. २०१६ मध्येच एमटीव्ही युरोपचं बेस्ट इंडिया अ‍ॅक्टचं बक्षीस पण मिळालं त्याला, ते कळलं त्या दिवशी लेकीने शिरा करायला लावला होता.

मला त्याच्यात काय आवडलं सांगते. हिंदी गाण्याचं त्याने इंग्रजी केलेलं नसतं किंवा उलटं. हिंदीत लिहितो तेव्हा शब्द अगदी साधे, घरात बोलतो तसे, मोठे उर्दू शब्द आणून वजन वाढवायचा सोस नाही. इंग्रजीत लिहितो तेव्हा तिथला माणूस थोडा वेगळाच वाटतो, जास्त मोकळा, जास्त गोंधळलेला. दोन भाषांत राहणाऱ्या माणसाला हे माहीत असतं. मी स्वतः भाजीवाल्याशी हिंदीत भांडते आणि देवापुढे मराठीतच बसते, मला कोणी अदलाबदल करायला सांगितली तर जमणार नाही.

२०१८ च्या जुलैत प्रतीकचं ‘कोल्ड/मेस’ हे गाणं आलं. त्या गणपतीत लेकीला ते म्हणायचं होतं आणि मीच नको म्हटलं. पंधरा वर्षांची मुलगी, इंग्रजी गाणं, त्यातही तुटत चाललेल्या नात्याचं, गणपतीसमोर कसं दिसेल असं मला वाटलं. ती काही बोलली नाही. त्या वर्षीच्या पानावर तिचं नावच नाही, आणि ते पान बघितलं की आजही माझा हात थांबतो.

मग २०१९ च्या अगदी शेवटी बराक ओबामांनी वर्षातल्या आवडत्या गाण्यांची यादी टाकली त्यात हेच गाणं. मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो मला वाटतं वीसेक जणांनी टाकला असेल, ज्यांना तोवर गाणं माहीतही नव्हतं त्यांनी सुद्धा, आपल्या जयपूरचा म्हणून. अध्यक्षकाकांचा तर फोनच आला, म्हणाले, पुढच्या गणपतीत पोरीला सांगा ते गाणं म्हणायला, भाषेचं मी बघतो.

पुढचा गणपती २०२० चा. हॉल बंद, मूर्ती घरातच वीतभर, आणि गाण्याची संध्याकाळ झूमवर. लेकीने ‘कोल्ड/मेस’ म्हटलं, आणि कोणी सांगायच्या आधीच लगेच प्रतीकचंच ‘कसूर’ घेतलं, ते त्याच वर्षी जुलैत आलं होतं. त्याचा व्हिडिओ लॉकडाऊनमधलाच, आपापल्या घरी कॅमेऱ्यासमोर बसलेली माणसं, डोळे मिटलेले, एकेकाच्या चेहऱ्यावर काय काय येऊन जातंय ते फक्त दिसत राहतं. ती गात होती तेव्हा मी स्क्रीनवर बघितलं तर आमचे सगळे चौकोन तसेच. सगळे म्यूट. विट्याला अडकलेल्या आमच्या नणंदबाई डोळे मिटून, अध्यक्षकाका चष्मा काढून हातात धरलेला, ज्यांच्या घरात त्या उन्हाळ्यात माणूस गेलं होतं त्या काकू खिडकीकडे बघत. गाणं संपल्यावर कोणीच अनम्यूट केलं नाही बराच वेळ. वहीत मी त्या पानावर दोन्ही गाण्यांची नावं लिहिलीत आणि खाली ‘ऑनलाइन’, एवढंच.

२०२१ ला थोडक्यात आरती झाली, गाणी नाहीत.

२०२२ ला परत हॉल मिळाला. लेक तोवर पुण्याला शिकायला गेली होती, गणपतीला आली. त्या मे महिन्यात प्रतीकचा ‘द वे दॅट लव्हर्स डू’ हा अल्बम आला होता, अख्खा इंग्रजी, अमेरिकेतल्या इलेक्ट्रा कंपनीकडून. मला वाटलं त्यातलंच एखादं म्हणेल. मी वही घेऊन विचारलं, गाण्याचं नाव काय लिहू, तर म्हणाली नाव नाही अजून, माझंच आहे, मराठी आहे.

अण्णा आता फार चालत नव्हते, त्यांची खुर्ची स्टेजच्या अगदी जवळ ठेवली होती. गाणं भट्टीवर होतं. लहानपणी ती अण्णांबरोबर दुकानात जाऊन बसायची, मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, जाळ, सकाळच्या वेळचा तो वास, नातवंडांना लांब बसवून सोनं आटवणारे आजोबा. ओळ, वेळ, सकाळ, जाळ, जिथे तिथे ळ. मुद्दाम घातले होते, नंतर तिनेच सांगितलं. पुण्याला खोलीत एकटी बसून म्हणायची म्हणे, नीट येईपर्यंत. अगदी हळू आवाजात, गिटारची एकेक तार, आणि एकही ळ चुकला नाही. लहानपणी तिला ज्या आजी सुधारायच्या त्या तिसऱ्या रांगेत होत्या, त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

संपल्यावर अण्णांनी मला हाताने जवळ बोलावलं. "मूस म्हनाली न्हवं ती?"

मी म्हटलं हो अण्णा.

"पुन्यांदा म्हनाय सांग."

तिने परत पहिल्यापासून म्हटलं. त्या पानावर गीत, संगीत, गायन तिन्हीपुढे मी तिचंच नाव लिहिलंय, आणि गाण्याच्या नावाची जागा रिकामीच आहे, ती म्हणाली पुढच्या वर्षी सांगते.