पहिल्या राउंडचा अंदाज आणि माझा नववा नंबर

आमच्या फॅन्टसी बेसबॉल लीगची ड्राफ्ट ऑर्डर, म्हणजे प्लेअर आळीपाळीने निवडायचा क्रम, निघाली आणि मला नववा नंबर आला. बारा जणांची लीग, स्नेक ड्राफ्ट, म्हणजे पहिल्या राउंडला १ ते १२ आणि दुसऱ्याला उलटं १२ ते १, त्यामुळे माझा पहिला पिक नववा आणि पुढचा थेट सोळावा. ड्राफ्ट मार्चमध्ये आहे, पण त्याआधी आमची आपापसात एक स्पर्धा असते आणि तिची शीट डिसेंबरअखेर बंद होते. पहिल्या राउंडला जाणारी बारा नावं क्रमाने लिहायची, नाव बरोबर आलं तर एक पॉइंट, नाव आणि जागा दोन्ही बरोबर तर तीन. गेली चार वर्षं मी ही शीट मनापासून भरतोय, आणि खरं सांगू का, मला ड्राफ्टपेक्षाही ह्याची जास्त ओढ असते.

ज्यांना हा खेळच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर लीगचे खरे प्लेअर आपण आपल्या टीममध्ये घ्यायचे आणि सीझनभर त्यांचे खरे आकडे आपल्या खात्यात जमा होतात. बॅटिंगच्या पाच कॅटेगरी, रन, होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर), आरबीआय (आपल्या फटक्यावर टीमला मिळालेले रन), स्टोलन बेस (फटका नसताना पळून पुढचा बेस गाठणं, म्हणजेच बेस चोरणं), ॲव्हरेज (किती वेळा फटका यशस्वी झाला त्याचं प्रमाण), आणि पिचिंगच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या पाच, विन, स्ट्राइकआउट (बॅटरला बाद करणं), सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणं), ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) आणि व्हिप (दर इनिंगमागे बेसवर जाऊ दिलेले बॅटर). ह्या पद्धतीला रोटो म्हणतात, रोटिसेरीवरून, कारण १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या रेस्टॉरंटमध्ये ह्याची सुरुवात झाली त्याच्या नावातच तो शब्द होता.

आता मुद्द्याचं. बरेच जण अंदाज लावताना प्लेअरची यादी उघडतात आणि वरून बारा नावं उतरवून घेतात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं आणि माझी नावं बरीच जुळली पण जागा दोनच जुळल्या. तेव्हा कळलं की पहिल्या चार-पाच पिक्सपर्यंतच आकडे कामाला येतात, त्यापुढे त्या नंबरवर कोण माणूस बसलाय ते बघावं लागतं. त्याचं मागच्या वर्षी काय झालं, कोणी त्याला दगा दिला, तो कुठल्या टीमचा फॅन आहे.

पहिले दोन सोपे आहेत, शोहेई ओतानी आणि ॲरन जज. ओतानीने २०२४ मध्ये ५४ होमरन आणि ५९ बेस चोरले, ५०-५० करणारा इतिहासातला पहिला माणूस, आणि २०२५ मध्ये ५५ होमरन आणि १४६ रन. आमच्याकडे बॅटर ओतानी आणि पिचर ओतानी हे दोन वेगळे प्लेअर धरतात, तरीसुद्धा नुसता बॅटर पहिल्या दोनात जातो. जजने २०२५ मध्ये ५३ होमरन मारून वर .३३१ ॲव्हरेज ठेवलं, बॅटिंग टायटल, म्हणजे लीगमधलं सगळ्यात जास्त ॲव्हरेज, पण त्याचंच, इतकी पॉवर आणि इतकं ॲव्हरेज एका माणसात सापडणं किती अवघड आहे हे रोटो खेळणाऱ्यालाच कळेल. पहिल्या नंबरवर आमचा कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, आहे, तो रिस्कला घाबरतो आणि ओतानी आता पुन्हा पिचिंग करायला लागलाय, म्हणजे दुखापतीची भीती, म्हणून मी एकवर जज लिहिलाय आणि दोनवर ओतानी.

तिसरा बॉबी विट ज्युनियर. ॲव्हरेज २०२४ मध्ये .३३२ होतं, २०२५ मध्ये .२९५ आणि होमरन ३२ वरून २३ वर आले, पण शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) आहे, ३८ बेस चोरले आणि रोज खेळतो. चौथा हुआन सोटो. ह्याच्याबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय, कारण २०२४ मध्ये ७ बेस चोरणारा माणूस २०२५ मध्ये ३८ चोरतो, सोबत ४३ होमरन, हे कोणाच्याही शीटमध्ये नव्हतं. पुढच्या वर्षी तो पुन्हा ३८ करेल असं मला वाटत नाही, २० केले तरी पुष्कळ, पण ड्राफ्टमध्ये माणूस मागच्या वर्षीचा आकडा डोळ्यासमोर ठेवूनच बोट दाबतो, त्यामुळे तो चारच्या खाली येणार नाही. बेस चोरणं तसंही आता सोपं झालंय, २०२३ पासून बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिच क्लॉक (बॉल टाकायला ठरावीक वेळ) आलं, पिचरला रनरकडे बॉल टाकायच्या संधी मर्यादित झाल्या, आणि मेजर लीगमधल्या एकूण चोऱ्या २,४८६ वरून एका वर्षात ३,५०३ वर गेल्या. म्हणून नुसती पॉवर असलेला बॅटर आता पहिल्या राउंडला घेताना लोक दोनदा विचार करतात.

पाचवा होजे रामिरेझ. मला हा माणूस प्रचंड आवडतो. २०२५ मध्ये ३० होमरन, ४४ स्टोलन बेस, वर्षानुवर्षं भरवशाचा, दुसऱ्या मोठ्या टीममध्ये जास्त पैसे मिळाले असते तरी २०२२ मध्ये क्लीव्हलँडबरोबरच लांबचा करार करून राहिला. तो नवव्यापर्यंत यावा असं मला फार वाटतं पण येणार नाही, तेवढं मला कळतं, म्हणून शीटवर पाचवर लिहिला आणि सोडून दिला.

इथून खरी गंमत. सहाव्या नंबरवर जो मित्र आहे त्याने २०२४ मध्ये पहिल्या राउंडला स्पेन्सर स्ट्रायडर हा पिचर घेतला होता. आदल्या वर्षी २८१ स्ट्राइकआउट आणि २० विन, कोणीही घेतला असता. स्ट्रायडरने दोनच मॅचमध्ये पिचिंग केलं आणि कोपराच्या ऑपरेशनला गेला, सीझन संपला. त्या दिवसापासून हा मित्र पहिल्या तीन राउंडमध्ये पिचर घेत नाही, त्यामुळे टारिक स्कूबल हा पिचर इथे जाणार नाही. सलग दोन साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), २०२५ मध्ये २.२१ ईआरए आणि २४१ स्ट्राइकआउट, तरी हा घेणार नाही म्हणजे नाही. मी सहावर एली दे ला क्रूझ लिहिलाय. २०२४ च्या ६७ चोऱ्या २०२५ मध्ये ३७ वर आल्या, पण त्या पोराचा पळण्याचा वेग एकदा बघितला की विसरता येत नाही, आणि हा मित्र ते विसरलेला नाही.

सातवा नंबर सिएटलच्या फॅनचा. २०२५ च्या पोस्टसीझनला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना) सिएटलचे मरिनर्स वर्ल्ड सिरीजपासून, म्हणजे फायनलपासून, एका मॅचवर थांबले, टोरोंटोविरुद्ध सातव्या मॅचमध्ये हरले, तो मित्र आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता. तो मरिनर्सचाच घेणार हे नक्की, प्रश्न एवढाच की कॅल रॉली की हुलियो. रॉलीचे २०२५ मध्ये ६० होमरन, तेही कॅचर (बॅटरमागचा फिल्डर) असून, कॅचरने एका सीझनमध्ये एवढे कधी मारलेच नव्हते. पण ॲव्हरेज .२४७ आणि त्याआधीचा त्याचा सगळ्यात मोठा आकडा ३४. हुलियो रॉड्रिगेझचे ३२ होमरन आणि ३० बेस. डोकं वापरलं तर हुलियो, मनाचं ऐकलं तर रॉली, आणि ती सातवी मॅच आठवत असेल तर तो मनाचंच ऐकेल. सातवर रॉली लिहिला.

आठवर बसलेल्या माणसाने २०२४ मध्ये पहिला पिक रोनाल्ड अकुन्याला दिला होता. २०२३ मध्ये ४१ होमरन आणि ७३ बेस, त्या वर्षी आमच्यापैकी कोणीही त्यालाच घेतलं असतं. २६ मेला पिट्सबर्गमध्ये गुडघा गेला, ४९ मॅचमध्ये सीझन संपला. हा मित्र मात्र स्ट्रायडरवाल्यासारखा नाही, तो अकुन्याचं नाव निघालं की अजून हळवा होतो. २०२५ मध्ये अकुन्या परत आला, ९५ मॅच, २१ होमरन, .२९० ॲव्हरेज, पण चोरलेले बेस फक्त ९. दोन्ही गुडघ्यांची मोठी दुखापत झालेला माणूस पुन्हा ७३ बेस चोरणार नाही हे आठव्यालाही माहितीये. तरी मी आठवर अकुन्याच लिहिलाय, मनापासून आवडलेला प्लेअर परत घ्यायचा मोह मी स्वतः ओळखतो.

म्हणजे माझ्यासमोर राहतात स्कूबल, हुलियो आणि अजून दोन बॅटर, कॉर्बिन कॅरल आणि फर्नांडो टाटीस. माझ्यानंतर तिघंच आहेत, तिघांचे मिळून सहा पिक्स आणि मग सोळावा माझा. त्यातला अकरावा दरवर्षी सगळ्यात आधी पिचर घेतो, त्यामुळे मी स्कूबल सोडला तर त्याचं नाव अकरावर पक्कं, आणि बारावा दोन पिक लागोपाठ असल्यामुळे तोही एक पिचर घेईल, म्हणजे दुसरा मोठा पिचर पॉल स्कीन्सही गेला. सहापैकी दोन पिक्स पिचरवर गेले की बॅटर चारच जातात, आणि सोळाव्याला मला अजून एक चांगला बॅटर मिळतो. हा हिशोब मी तीन वेळा कागदावर मांडला आणि तिन्ही वेळा जमला.

स्कूबलला हात लावायची इच्छा होते, नाही असं नाही, पण त्याचं २०२२ मध्ये हाताचं ऑपरेशन झालंय, त्याआधी कॉलेजमध्येही एक झालंय, आणि पहिल्या राउंडला मी बॅटरच घेतो. दहावर टाटीस लिहिला, अकरावर स्कूबल, बारावर कॅरल. आणि माझ्या स्वतःच्या नावापुढे, नववा, हुलियो. सातव्याने डोकं वापरलं तर सातवी आणि नववी अशा दोन जागा माझ्या एकदम जातील, ते मान्य करून काल रात्री शीट भरून टाकली.