दोन दिवे वेगळे दिसले पाहिजेत

एक्स-रे ल्युमिनेसन्स टोमोग्राफीतली, म्हणजे एक्स-रेने चमकणाऱ्या कणांचं शरीरातलं चित्र काढण्याच्या तंत्रातली, नवी रिकन्स्ट्रक्शनची (मोजमापांवरून चित्र उभं करण्याची) पद्धत कुणी दाखवली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोन चमकत्या नळ्या अगदी शेजारी ठेवल्या, तर मधली फट दिसते का? एकटा गोळा सुबक दाखवणं फारसं अवघड नाही. खरी परीक्षा फटीची.

या तंत्राचं मूळ एक्स-रेच्या शोधातच आहे. ८ नोव्हेंबर १८९५ ला रोंटगेनच्या खोलीत बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा चमकला, आणि त्या चमकेवरूनच किरण सापडले. आता तशीच चमक आम्ही उंदराच्या शरीरात शोधतो. त्यासाठी आत सोडतो गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडचे नॅनोकण, त्यात थोडं युरोपियम. एक्स-रे पडला की ते लाल उजेड देतात, साधारण ६२० नॅनोमीटरचा. थंड केलेला कॅमेरा अंगाबाहेर आलेला उजेड टिपतो आणि त्यावरून कण आत कुठे आहेत, किती आहेत, हे गणिताने काढायचं. फ्लुरोसन्स चित्रणात कण चमकवायला बाहेरून प्रकाश टाकावा लागतो आणि त्याने ऊतीसुद्धा थोड्या चमकतात. इथे तो त्रास जवळपास नाहीच.

अडचण उजेड बाहेर येताना होते. एक्स-रे बराचसा सरळ जातो, पण लाल उजेड ऊतीत एखाद्या मिलिमीटरमध्येच आपली दिशा विसरतो. पृष्ठभागावर येईपर्यंत तो पसरट डाग झालेला असतो.

सुट्टीत मालवणला गेले होते, तेव्हा भाच्याला हे दाखवायचं ठरवलं. पाणी घातलेल्या दुधात चायना ग्रास उकळून डब्यात ओतलं आणि त्यात बोटभर अंतरावर दोन लाल एलईडी रोवले, वायरी बाहेर काढून. प्रयोगशाळेत आम्ही अगार आणि इंट्रालिपिड वापरतो. तेही स्निग्ध कणांचं पांढरं द्रावणच, त्यामुळे दुधाने काम भागतं. आई येऊन बघून गेली. "दूध कित्याक नासवतंस गो?"

रात्री खोलीतले दिवे घालवले आणि बटण सेल जोडले. वरून मोबाइलने फोटो काढला, तर एकच तांबूस डाग. कडा नाहीत, मध्य कुठे ते कळत नाही. भाचा म्हणाला, "मावशी, तू आत ठेवलेस म्हणून तुला दोन माहीत. नसतं माहीत तर?"

आमच्या अख्ख्या शाखेचा प्रश्न त्याने विचारला होता. मग एकाचा सेल काढला, फोटो घेतला. तो लावला, दुसऱ्याचा काढला, पुन्हा फोटो. डाग दोन्ही वेळा तेवढेच पसरट, पण त्यांचे मध्य वेगवेगळ्या जागी. दूध तेच, कॅमेरा तोच. फरक एवढाच, की या वेळी उजेड कुठून निघाला हे आम्ही ठरवलं होतं.

२०१० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने हीच कल्पना मांडली. एक्स-रेचा बारीक झोत सोडायचा. चमकणार ते झोताच्या रेषेतले कणच, म्हणून उजेड कितीही विखुरला तरी तो त्या रेषेतूनच आलाय हे पक्कं. झोत सरकवत, फिरवत गेलं की सीटीसारखं चित्र उभं राहतं आणि त्याची बारकाई मुख्यतः झोताच्या रुंदीवर ठरते. मोल वेळेचं द्यावं लागतं.

शंकूच्या आकाराच्या झोताने सगळा उंदीर एकदम उजळतो, काम झटपट होतं. पण तिथे भाच्याचा प्रश्न जसाच्या तसा शिल्लक राहतो. आतले अज्ञात बिंदू हजारो, बाहेरची मोजमापं एकमेकांसारखीच, आणि जरासा नॉइज उत्तर भलतीकडे नेतो. म्हणून रेग्युलरायझेशन: उत्तर कसं असावं याची एक अट गणितात आधीच घालायची. तिखोनोव्ह नावाच्या अटीने सगळं गुळगुळीत होतं, फट बुजते. एल-वन लावलं तर उलट, मोजकेच बिंदू उरतात. चित्र ठसठशीत दिसतं, पण पसरलेली गाठ ठिपक्याएवढी होऊन जाते. टोटल व्हेरिएशन कडा बरी राखतं, मात्र हळूहळू बदलणारं प्रमाण पायऱ्यापायऱ्यांचं करून टाकतं. न्यूरल नेटवर्कबद्दल मला उत्साह आहे, पण फक्त गोल नळ्यांच्या सिम्युलेशनवर शिकवलेलं नेटवर्क वेड्यावाकड्या गाठीलाही गोल करू पाहील, ही भीती खरी आहे.

यावर मी इतकी अडून बसते, कारण उंदरावर औषध तपासताना तीच गाठ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पाहतात. दुसऱ्या वेळी रेग्युलरायझेशनचा, म्हणजे ती अट किती कडक हे ठरवणारा, आकडा बदलला आणि गाठ लहान दिसली, तर श्रेय औषधाला जाईल. तो आकडा फॅन्टमवर (ऊतीसारख्या नकली नमुन्यावर) आधी ठरवून संपूर्ण अभ्यासभर तोच ठेवावा, असा माझा आग्रह आहे. निकालाशेजारी एक्स-रेचा डोसही छापावा. डोस वाढवला की उजेड वाढतो, चित्र आपोआप सुधारतं, आणि ती सुधारणा अल्गोरिदमच्या नावावर खपते.

सध्या मी मॉडेलच जास्त खरं करण्यामागे आहे. एक्स-रे आत शिरताना क्षीण होत जातो, त्यामुळे त्याच्या वाटेवर आत खोल असलेले कण कमी चमकतात. ते गृहीत धरलं नाही तर तिथलं प्रमाण कमी भरतं. त्याच यंत्रात सीटीही निघतं. त्यावरून हाड, फुप्फुस, यकृत वेगळं करून प्रत्येकाला शोषणाचे आणि विखुरण्याचे स्वतःचे आकडे देता येतात. यकृतात रक्त भरपूर, तिथे लाल उजेडही बराच गिळला जातो, म्हणून सुरुवात यकृतापासून केली आहे.