वीरगळ खालून वाचायचा, उजेड बाजूनं टाकायचा

कोल्हापूरच्या आसपास जुनं महादेवाचं देऊळ असलेल्या गावात शिरलात, की पाराखाली किंवा देवळाच्या भिंतीला टेकवलेला एखादा वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड, पुष्कळदा दिसतो. करवीर तालुक्यातलं बीड तर त्यासाठीच ओळखलं जातं. लोक भरदुपारी समोरून मोबाईलनं फोटो काढतात आणि फोटोत नुसता काळा दगड येतो. बेसाल्टवरचा झिजलेला कोरीव उठाव अशा फोटोत उठून दिसत नाही.

वाचायला सुरुवात तळापासून करायची. सगळ्यात खाली बहुधा आडवा पडलेला वीर. तिथं गाई कोरलेल्या असतील तर गोधन राखताना आलेलं मरण. त्यावर लढाई. तिच्यावर वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, आणि शेवटी शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्याला चंद्रसूर्य, कलश. चौकटी कधी तीन, कधी चार; क्रम मात्र चढता. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा.

आयर्लंडमधल्या जुन्या दफनभूमींत, उदाहरणार्थ केरी परगण्यातल्या किलमॅल्केडारला, ओगम या खाचांच्या जुन्या लिपीचे दगड उभे आहेत. त्या खाचाही दगडाच्या कडेवर खालून वर वाचतात. साधारण चौथ्या ते सातव्या शतकातले हे दगड बहुतेक ‘अमक्याचा मुलगा तमका’ एवढंच सांगतात. तो कसा मेला ते नाही. आपल्याकडं नेमकं उलट. मरण सविस्तर कोरलेलं, नाव बहुतेक कुठंच नाही. कर्नाटकात गेलात तर चौकटींच्या मधल्या पट्ट्यांवर कन्नड लेख सापडतात, म्हणून इथंही त्या पट्ट्या नीट तपासाव्यात.

मोठी अडचण म्हणजे मरणाचं कारण सांगणारी तळाची चौकटच पुष्कळदा मातीत गेलेली असते. उकरू नका. दगड कलंडतो आणि मातीतला पुरावा कायमचा विस्कटतो. उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तोंड कुठल्या दिशेला ते लिहा, आणि ‘खालचा भाग जमिनीत’ अशी नोंद करा.

फोटोसाठी ऊन दगडाच्या तोंडावरून तिरपं सरकतं तो थोडा वेळ गाठा. उत्तरेकडं तोंड असलेल्या दगडाला वर्षातला बराच काळ ऊन मिळत नाही; तिथं अंधार पडल्यावर टॉर्च वापरा. मोबाईल स्टँडवर, फ्लॅश बंद, एक्स्पोजर थोडं कमी. टॉर्च हातभर लांब, दगडाला जवळजवळ समांतर, दहा-पंधरा अंशांत. डावीकडून, उजवीकडून, वरून असे वेगवेगळे फोटो हवेतच, कारण उजेडाच्या दिशेनंच जाणाऱ्या रेषा त्या फोटोत बुजतात. तलवार दिसते आणि हात गायब, असं होतं ते यामुळंच.

खडूनं रेषा गिरवू नका. आपण गिरवतो ते आपल्याला वाटलेलं असतं, आणि पुढचा माणूस तेच खरं धरतो. तारेचा ब्रश तर हातातही नको. शेवाळाबरोबर नाक-डोळे निघून जातात. शेवाळ नको असेल तर पावसाळ्यानंतर लगेच न जाता मार्च-एप्रिलमध्ये जा.

पूजेतल्या दगडासाठी आधी गुरवांना विचारा, चपला बाहेर काढा. त्यावर ऑइलपेंट असेल तरी खरवडू नका. तिरप्या उजेडात रंगाच्या थराखालचा उठावही बऱ्यापैकी कळतो.