पहिल्या नोकरीआधीची चौकशी

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: बातमीची जशी शहानिशा करता, तशीच नोकरीच्या जाहिरातीचीही करा. ओळखपत्र, प्रशिक्षण किंवा अनामत या नावाखाली उमेदवाराकडूनच पैसे मागणारी संस्था वार्ताहर नेमत नसून ओळखपत्रे विकत असते, आणि असे ओळखपत्र गळ्यात घालून कोणी पत्रकार होत नाही.

शिकत असताना एका संकेतस्थळाने ‘चाचणी’ म्हणून माझ्याकडून सलग सहा लेख लिहून घेतले. ते दुसऱ्याच नावाने प्रसिद्ध झाले आणि माझ्या पत्रांना उत्तर आले नाही. तेव्हापासून माझे मत पक्के आहे की चाचणीसाठी एक छोटा मजकूर पुरेसा असतो. त्याहून अधिक मागितले, तर मानधन आणि लेखावरील हक्क यांविषयी आधी लेखी विचारावे.

संपादकाचे नाव, कार्यालयाचा पत्ता आणि तिथल्या वार्ताहरांच्या जुन्या बातम्या तपासाव्यात. संकेतस्थळाचे डोमेन, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, कधी नोंदले गेले, हे हूइज (WHOIS) या डोमेन-नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या शोधातून बहुधा कळते. ‘अनेक वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या संस्थेचे डोमेन गेल्याच महिन्यातले निघाले, तर सावध व्हावे. शक्य असल्यास तिथे काम सोडलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोलावे, कारण पगार वेळेवर मिळतो का, हे तिच्याइतके स्पष्ट कोणी सांगत नाही. मुलाखत खासगी घरी किंवा रात्री उशिरा ठेवली असेल, तर जागा बदलून मागण्यात कसलाही संकोच नसावा. नियुक्तिपत्र हाती येईपर्यंत बँकेचा तपशील देऊ नये. ओटीपी तर कधीच नाही.